गॅस गिझर पेटत नाही?

यवतमाळची थंडी सुरू झाली की गॅस गिझरच्या तक्रारी आमच्या कानावर येतात. भगिनींनो, गिझर पेटत नसेल तर आधी सेल बदला. टकटक आवाज येऊनही पेटत नसेल तर सिलिंडर संपले का ते पाहा. टाकी फार उंचावर नसेल किंवा बोअरच्या क्षाराने जाळी तुंबली असेल, तर पाण्याचा जोर कमी पडतो आणि गॅसची झडप उघडत नाही. जाळी धुवा.

मात्र ज्योत पिवळी झाली, काजळी धरली, तर गिझर बंद करून मेकॅनिकच बोलवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद न्हाणीघरात माणूस कळायच्या आत बेशुद्ध होऊन दगावतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या बटनाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.