आधी ऊब, मग दूध

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. त्याच सुमाराला गल्लोगल्लीच्या कुत्र्याही व्यायलेल्या असतात, पण त्यांच्या वाट्याला येतो तो बहुधा लवंगी फटाका. भटक्या कुत्र्यांचा माजाचा हंगाम पावसाळ्याच्या उतारावर सुरू होतो, गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा, त्यामुळे बहुतेक वेतं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या थंडीत जन्माला येतात. आणि मारुंजीची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलं, तरी मुळशी तालुक्यातलं हे गाव टेकडीच्या कुशीत आहे. रात्री बारानंतर उघड्यावरचा गारठा अंगात शिरतो.

गावात आज जिकडे पाहावं तिकडे बांधकाम. कुत्रीला वाळूचा ढीग, प्लायवूडच्या थप्पीमागची फट किंवा वॉचमनच्या केबिनखालची पोकळी मिळाली की ती तिथे उकरून जागा करते. माणसांच्या इतक्या जवळ का, याचं कुतूहल अनेकांना असतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने भटक्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. विणीसाठी जागा निवडताना या कुत्र्या माणसाचा शेजार पसंत करतात, असं त्यांना आढळलं. त्याच गटाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला आकडा मात्र अस्वस्थ करतो. पश्चिम बंगालमधल्या 95 वेतांतली 364 पिल्लं त्यांनी पाहिली, त्यांतली वयात येईपर्यंत जगली 19 टक्के. जी गेली, त्यांतल्या 63 टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता.

उरलेल्या मृत्यूंत थंडीचाही वाटा असतो, आणि थंडीशी सामना रात्रीच करावा लागतो. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला धड कुडकुडताही येत नाही. मोठ्या कुत्र्याचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस, तर पिल्लाचं 35 ते 37. आई भाकरी शोधायला गेली आणि एखादं पिल्लू ढिगाबाहेर लोळत गेलं, की अर्ध्या तासात ते गार पडतं. अशा वेळी भला माणूस काय करतो? दुधाची पिशवी फोडतो. इथेच पिल्लू दगावतं. गार पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच राहतं किंवा फुप्फुसात जातं. आधी त्याला शर्टाच्या आत, अंगाशी धरायचं आणि सावकाश, तास-दोन तास घेऊन गरम करायचं. बोट तोंडात घातल्यावर ते जोराने चोखू लागलं, की मग दूध. तेही पिल्लाला पालथं ठेवून, आईच्या आचळाशी ते जसं असतं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजू नये.

गाईचं दूध पिल्लाला अपुरं पडतं. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, साखर कमी. म्हणून पोरक्या पिल्लांसाठी पशुवैद्यकाकडून पिल्लांचीच दूध-पावडर आणावी. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पोटाखाली हळूच पुसावं लागतं, कारण आईने चाटल्याशिवाय तान्ह्या पिल्लाला शी-शू होत नाही.

आई असेल तर मात्र पिल्लं तिच्यावर सोडावीत. तिच्या जागेची फक्त डागडुजी करावी. खाली लाकडी पॅलेट, त्यावर स्वच्छ गोणपाट, वरून प्लायवूडचा आडोसा, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. सिमेंटची रिकामी पोती सगळ्यात सहज मिळतात, पण ती वापरू नयेत. ओलसर कातडीला सिमेंटची पूड पोळते. ऊब द्यायची तर पाण्याच्या बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून एकाच कडेला ठेवावी, म्हणजे तापलं तर सरकायला जागा राहते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जवळची हवा 29 ते 32 अंश हवी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. एकावर एक चढून केकाटत असली तर गार आहेत, चौफेर पांगून धापत असली तर तापली आहेत. सैल ढिगात झोपून मधूनच पाय झटकत असली तर घाबरू नये. तान्ह्यांची झोप अशीच असते.

पिल्लं एकटी दिसली म्हणून लगेच उचलून नेऊ नयेत. ती शांत आणि गरम असतील तर आई बहुधा येणार आहे. मोबाईलचा उजेड तिच्या डोळ्यांवर न मारता, समोरून, बोलत जावं. गुरगुरली तर मागे फिरावं. जनमेजय राजाच्या सत्रात सरमा या कुत्रीच्या पोराला उगाच मार बसला आणि तिने राजालाच शाप दिला, ही आदिपर्वातली कथा; व्यायलेल्या कुत्रीशी वाद घालू नये हे जुनंच शहाणपण. चावलीच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुऊन लगेच रेबीजची लस घ्यावी.

फटाक्यांच्या रात्री ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरून जागा बदलते, आणि या धावपळीत एखादं मागे राहतं. म्हणून संध्याकाळी पिल्लं मोजून ठेवावीत, सकाळी पुन्हा मोजावीत.

आईला या काळात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं. भात, उकडलेली अंडी, हाडं काढलेलं चिकन. कांदा मुळीच नाही. पाणी सतत हवं, पण उथळ भांड्यात, पिल्लू पडलं तरी बुडू नये असं. विणीनंतर दोन-चार आठवड्यांत ती अस्वस्थ होऊन धापू लागली, थरथरली, पाय ताठ झाले, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. हे सकाळपर्यंत थांबत नाही. डॉक्टरने शिरेतून कॅल्शियम दिलं तरच ती वाचते.

दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांत पहिली लस, तीन महिन्यांवर रेबीजची. दूध आटलं की आईची नसबंदी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार हे काम महापालिकेप्रमाणे ग्रामपंचायतीचंही आहे. तेव्हा मारुंजीकरांनी ग्रामसभेत हा विषय मांडायला हरकत नाही, तोही पुढच्या पावसाळ्याच्या आधी.