ध्वनिवर्धकांतील ‘घूं’

आमच्या मातोश्रींच्या ओव्यांची एक कॅसेट आमच्यापाशीं आहे. १९८४ सालच्या दिवाळींत आमच्या मेहुण्यांनीं ती घरींच ध्वनिमुद्रित केली. पुढें दोन वर्षांनीं मातोश्री निवर्तल्या; त्यांच्या आवाजाची दुसरी खूण नाहीं. गेल्या आषाढांत ती कॅसेट लावली तों ओवीच्या पाठीमागें एक जड, अखंड ‘घूं’ ऐकूं येऊं लागला. फीत जीर्ण झाली असें समजून आम्ही मनांतून खचलों. आमचें कुटुंब मात्र शांतपणें म्हणालें, “अहो, आधीं कॅसेट काढून तर पाहा.” काढली. घूं चालूच! फीत निर्दोष ठरली. दोष यंत्राकडे आला.

पुष्कळ वाचकांच्या घरीं असा घूं नांदत असेल, म्हणून ही हकीकत सविस्तर देतों.

आपल्याकडील वीज सेकंदास ५० आंदोलनें घेते. ध्वनिवर्धकाच्या पोटांत तिला एकाच दिशेनें वाहती करतांना दोन्ही अर्धी आंदोलनें उपयोगांत आणतात. म्हणून तेथील दोषाचा नाद १०० आंदोलनांचा असतो. पांढरी पांचच्या मंद्र षड्जाहून तो किंचित् चढा. तेव्हां त्या पट्टींतील तंबोऱ्याशीं त्याचें भांडण ठरलेलें. वीज सपाट करणारे कपॅसिटर म्हातारे झाले म्हणजे हा नाद उमटतो, आणि आवाजाचें बटण शून्यावर आणलें तरी तो बहुधा हटत नाहीं. कर्ण्यांतून कांहींच न येतां नुसती पेटीच गुणगुणत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा थरकांप समजावा. टोकदार, कर्कश भणभण असेल, तर प्रथम पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बंद करून पाहावा.

आम्हीं बटण शून्यावर आणलें. घूं थांबला. म्हणजे तो यंत्राच्या पुढल्या दारानें, बाहेरून जोडलेल्या तारांच्या वाटेनें येत होता. आतां न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक कामास आला: जें असतां जें असतें आणि जें नसतां जें नसतें, त्यांचा संबंध जोडावा. मात्र एका वेळीं एकच तार काढावी. दोन एकदम काढल्या कीं कारण हातचें निसटतें. शाळेंत पोरांनीं गणिताच्या दोन पायऱ्या एकदम गाळाव्या, तसें होतें. कॅसेटयंत्राची तार काढली, फरक नाहीं. दूरदर्शनसंचाच्या सेट-टॉप बॉक्सची तार काढली, घूं गेला. पुन्हां लावली; परत आला. मग ती तार तशीच ठेवून बॉक्सच्या मागील, केबलवाल्याची तार तेवढी सोडली. घूं गेला!

कारण असें. आमच्या ध्वनिवर्धकाचें धातूचें अंग तीन पिनांच्या प्लगांतून जमिनीशीं जोडलेलें आहे. केबलवाल्याच्या तारेचें जाळीदार आवरणहि दुसरीकडे कोठें तरी जमिनीशीं जोडलेलें. या दोन जमिनींच्या विद्युत्पातळींत थोडा फरक असतो. त्यामुळें बॉक्स आणि ध्वनिवर्धक यांमधील तारेच्या आवरणांतून ५० आंदोलनांचा प्रवाह फिरूं लागतो आणि गाण्यांत मिसळतो. आम्हीं कॅसेट निवडली असतां बॉक्सचा त्रास कां व्हावा? तर निवडीचें बटण आवाजाची तार तोडतें, आवरण तोडत नाहीं.

इतक्यांत आमचे भाचेसाहेब आले. त्यांनीं ऐकून घेतलें आणि ध्वनिवर्धकाला दोन पिनांचा प्लग बसवून दिला. वेटोळें तुटलें, घूं बंद झाला. चहा झाला, कौतुक झालें. दुसऱ्या दिवशीं धूळ पुसण्यासाठीं मागील ताराहि काढल्या होत्या, प्लग मात्र चालूच होता. कुटुंबाच्या ओल्या बोटांना मुंग्या आल्या. आम्हीं टेस्टर लावला तों दिवा मिणमिणला. ती नुसती झिरपती वीज होती. पण ट्रान्सफॉर्मरचें आवरण कधीं फाटलें असतें, तर २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येऊन उभे राहिले असते. तिसरी पिन असती तर त्या विजेला जमिनीची वाट मिळून फ्यूज उडाला असता. विजेच्या कामांतील ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी. तो काढणें हा अनर्थच, मग घूं कितीहि छळो. आम्हीं त्याच सायंकाळीं तीन पिनांचा प्लग परत लावविला. भाचेसाहेब थोडे रुसले.

खरा उपाय लहानसा निघाला. ग्राउंड लूप आयसोलेटर नांवाची डबी बाजारांत मिळते. तींत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकत्वाच्या द्वारें पलीकडे जातो, पण धातूला धातू लागत नाहीं, म्हणून वेटोळें पुरें होत नाहीं. ती बॉक्स आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्यें बसविली. (विजेच्या प्लगशीं तिचा संबंध नाहीं, हें ध्यानांत असावें.) कपॅसिटरचा दोष निघाला असता तर मात्र आम्हीं पेटी उघडली नसती, बंद केल्यावरहि त्यांत वीज सांठून राहते, आणि व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रांत ती शेंकडों व्होल्टांची असते. तें काम कारागिराचें.

मग कॅसेट लावली. तिसऱ्या ओवीच्या आधीं मातोश्रींच्या बांगड्या वाजतात, हें आम्हांस आजवर ठाऊक नव्हतें. फितीची स्वतःची बारीक सरसर आहे, ती राहणारच. पंख्याच्या रेग्युलेटरची भणभणहि थोडी उरली आहे. ओव्या चालूं असतां आम्ही पंखा बंद ठेवतों.