टाकणखार, ॲल्युमिनिअम आणि शाळेतला जुना संगणक

एका शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांच्या शाळेतील अडगळीच्या खोलीची या उन्हाळ्यात झाडलोट झाली, तेव्हा मोडके बाक आणि गुंडाळलेले नकाशे यांच्या मागे, गोणपाटात बांधून ठेवलेला एक बदामी रंगाचा संगणक सापडला. त्यावर ठिपक्यांनी रेखाटलेले घुबडाचे चिन्ह आहे, कळफलकाच्या वरच्या अंगाला तांबड्या कळांची एक ओळ आहे, आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची रीतसर नोंदही आहे. ते विचारतात, "प्लग जोडून बटण दाबून पाहावे काय?" उत्तर आधीच देऊन टाकतो : कृपा करून दाबू नका. का दाबू नये, हे मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे.

हे यंत्र म्हणजे 'बीबीसी मायक्रो'. ब्रिटिश नभोवाणीच्या संगणक-साक्षरतेच्या मोहिमेसाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली बाजारात आणले आणि आपल्या केंद्र सरकारने १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' ही योजना काढली, तेव्हा याच यंत्राची निवड केली. ते घडवण्यात प्रमुख वाटा असलेल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे ज्या एआरएम प्रोसेसरची रचना केली, त्याचे वंशज आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये नांदत आहेत. म्हणजे शिक्षकांच्या हाती आलेली वस्तू ही भंगार नव्हे, एका मोठ्या घराण्याचा मूळपुरुष आहे.

चाळीस वर्षांनी अशा यंत्राचा मेंदू सडला असेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात सिलिकॉनच्या चिपा चिवट असतात. क्वचित एखादी दगा देते, पण जुने संगणक दुरुस्त करण्याचा छंद ज्यांना आहे, ते झाकण उघडताच प्रथम पाहतात ते यंत्राचे पोट, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी. तेथे काय चालते, हे समजून घ्यायचे तर कोकणातल्या पोफळीच्या बागेतला रहाट आठवावा. रहाटाचे प्रत्येक गाडगे वर येऊन आपल्या वाट्याचे पाणी पन्हळीत ओतते आणि रिकामे होऊन खाली जाते. पाणी येते ते असे ठोक्याठोक्याने, पण झाडाच्या मुळाशी ते संथ, अखंड धारेने जावे म्हणून मध्ये हौद लागतो. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि दर आवर्तनात दोनदा दिशा पालटते. ब्रिज रेक्टिफायर तिला एका दिशेला वळवतो, तेव्हा सेकंदाला १०० ठोके पडतात, आणि हे ठोके पोटात घेऊन पुढे संथ प्रवाह सोडणारा हौद म्हणजे कपॅसिटर, ज्याला आपले कारागीर अजूनही कंडेन्सर म्हणतात.

या हौदाची भिंत विलक्षण आहे. ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, मध्ये द्रावणाने भिजवलेला कागद, आणि पत्र्यावर चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा, हीच त्याची सारी मालमत्ता. पापुद्र्याची जाडी सोसायच्या दर व्होल्टमागे सुमारे १.४ नॅनोमीटर, म्हणजे १६ व्होल्टच्या कपॅसिटरात ती वहीच्या कागदाच्या काही हजाराव्या भागाइतकी भरते. आणि खरे नवल पुढेच आहे : हा पापुद्रा विजेनेच घडतो आणि विजेनेच दुरुस्त होत राहतो. यंत्र वापरात असले की द्रावण त्याची झीज भरून काढते. वर्षानुवर्षे पडून राहिले की तो झिजतो, आणि मग एकदम पूर्ण दाब अंगावर आला की भिंत फुटते. वहिवाट सुटली की हक्क सुटतो, तसाच हा न्याय आहे.

येथे मला एका माणसाची कैफियत मांडल्यावाचून राहवत नाही. कारोल पोलाक हा पोलिश अभियंता १८५९ साली, ऑस्ट्रियाच्या अमलाखालील सानोक या गावी जन्मला. ॲल्युमिनिअमवरचा असा पापुद्रा वीज एकाच दिशेने जाऊ देतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु उदासीन किंवा सौम्य अल्कधर्मी द्रावणात तो वीज बंद केल्यावरही टिकतो, हे पोलाकने १८८६ साली हेरले, आणि त्यावर आधारलेल्या कपॅसिटरचे पेटंट १८९७ साली मिळवले. या जातीचे जे पहिले कपॅसिटर कारखान्यांतून निघाले, त्यांत पाण्यात विरघळवलेला टाकणखार असे. आपले सोनार डाग देताना वापरतात तोच टाकणखार! ब्रिज रेक्टिफायरची जोडणीही त्याचीच : १८९५ च्या डिसेंबरात त्याने तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. लिओ ग्रेट्झने तीच जोडणी स्वतंत्रपणे शोधून १८९७ साली प्रसिद्ध केली आणि पुस्तकांत नाव राहिले ते ग्रेट्झचे. रहाटाचे पाणी एका दिशेला वळवणारी पन्हळ आणि ते साठवणारा हौद, दोन्ही ज्याच्या बुद्धीतून निघाले, त्याचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत यावे, असे मला मनापासून वाटते.

आता पुन्हा त्या पेटीकडे. तिच्यात आणखी एक जात असते : मुख्य विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बसवलेला, पिवळसर पारदर्शक कवचाचा कागदी कपॅसिटर. भिंगाखाली धरला तर कवचावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसते. चाळीस पावसाळ्यांची ओल याच वाटेने कागदात शिरलेली असते. पूर्ण वीज मिळाली की काही मिनिटांत तो तडकतो, आणि उग्र दर्पाचा दाट धूर खोलीभर पसरतो. म्हणून तो तपासत न बसता सरळ बदलावा. नवा त्याच मूल्याचा आणि एक्स-२ या सुरक्षा वर्गाचाच घ्यावा.

मात्र हे काम जाणकाराच्या हातचे आहे, कारण या पेटीतल्या मोठ्या कपॅसिटरात सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. कारागीर प्रथम तो निववतो, फुगलेले आणि पाझरलेले कपॅसिटर काढून नवे डागतो, मुख्य पाटी सोडवून पेटीवर पर्यायी भार जोडतो, आणि मग सिरीज बोर्डावरच्या बल्बातून वीज देतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. झगझगीत जळत राहिला तर आत कोठे तरी शॉर्ट आहे. पुढे मल्टिमीटरवर ५ व्होल्ट स्थिर दिसले, की मगच पाटी जोडायची.

पिवळ्या पडलेल्या कवचाला हायड्रोजन पेरॉक्साइड फासून ते उन्हात पांढरे करण्याचा जो गाजावाजा चालतो, त्याच्या नादी लागू नये. प्लॅस्टिकचा रंग बदलतो, पण त्याच्या अंतरंगात झालेला बदल मिटत नाही, आणि पिवळेपणा पुष्कळदा परत येतो. वयाचा रंग हा काही आजार नव्हे.

सारे सुरळीत झाले, तर बटण दाबताच आधी खर्जातला आणि लगेच टिपेचा असा दोन स्वरांचा हुंकार ऐकू येईल आणि पडद्यावर यंत्राचे नाव उमटेल. त्यानंतर शिक्षकांनी एकच करावे : बदललेल्या कपॅसिटरांची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतून चिकटवावी, आणि वर्षातून निदान दोनदा मुलांना जमवून हे यंत्र तासभर चालवावे. त्या तासाभरात मुले शिकतील ते शिकतील. पण डोळ्यांना न दिसणारा तो ॲल्युमिनिअमवरचा पापुद्रा तेवढ्या वेळात आपली झीज आपणच भरून काढत असेल.