लोहाराची निशाणी

लोहाराची भट्टी तुम्ही पाहिली आहे काय? बुलढाणा जिल्ह्यात चिखलीच्या आसपास पेरणी जवळ आली, की शेतकरी नांगराचे फाळ आणि वखराच्या पासा घेऊन पूर्वी तिच्यापुढे बसत. भाता बहुधा घरातील बायकामुलीच ओढीत. लोखंड तापून लाल झाले, की लोहार ते सांडशीने ऐरणीवर धरी, लहान हातोड्याने जागा दाखवी आणि जोडीदार तेथे घण घाली. शेवटी तापलेली धार पाण्यात बुडवून कठीण करीत. यालाच धारेला पाणी देणे म्हणतात.

या कामाचा मोबदला रोख मिळत नसे. सुगीत प्रत्येक खळ्यावरून लोहाराला धान्य मिळे. ते त्याचे बलुते. गावाचे काम करण्याचा व बलुते घेण्याचा हा वंशपरंपरेचा हक्क म्हणजे वतन. बापामागून ते मुलांकडे येई. भाऊ वेगळे झाले, तर बलुत्याची वाटणी करता येई. ऐरणीची कशी करणार?

कधी एखादा भाऊबंद 'हे वतन माझे' म्हणून उभा राही. मग मराठेशाहीत ते भांडण गोतसभेपुढे जाई. गोत म्हणजे भाऊबंद. पण या सभेत गावचे पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदारही बसत. निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, तर कारागीर आपापल्या अवजाराचे चित्र काढी. ज्या हाताला अक्षर येत नव्हते, त्याची सही अवजारच करीत असे!

दूर युरोपातील आयर्लंडमध्येही सातव्या-आठव्या शतकांतील कायद्यांनी लोहाराला मानाची पायरी दिली होती. तेथे एका पणजोबाचे वंशज मिळून एक कूळ होई आणि जमिनीवर त्या कुळाचा हक्क असे. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' हा ग्रंथ लिहिला. त्यानुसार मुलगा, नातू व पणतू यांना वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच वाटा मिळे. दोन्हीकडे मोजणी पणजोबापाशी थांबते, हे नवल नव्हे काय?

भाता ओढणाऱ्या लेकीला मात्र हा जन्मसिद्ध वाटा नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ साली अविवाहित मुलींना दिला. देशभर सर्व हिंदू मुलींना तो २००५ साली मिळाला.

आता बलुत्याची पद्धत मोडली आहे आणि फाळ बाजारात विकत मिळतो. तरी अवजारांचा मान कायद्याने राखला आहे. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कर्जाच्या वसुलीसाठी कारागिराची अवजारे जप्त करता येत नाहीत. घरातील इतर चीजवस्तू गेली, तरी हातोडा, सांडशी व ऐरण भट्टीपाशीच राहतात.