शुक्रावरची आनंदीबाई

सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला जी ठसठशीत 'चांदणी' दिसते ना, ती तारा नाही, शुक्र ग्रह आहे! आकाराने जवळपास पृथ्वीएवढाच, म्हणून त्याला पृथ्वीची जुळी बहीण म्हणतात. माझ्या मते मात्र ही बहीण भलतीच तापट आहे. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, शिसं वितळेल इतकं. सूर्याच्या जास्त जवळ बुध आहे, तरी सर्वांत तप्त ग्रह शुक्रच. कारण त्याचं कार्बन डायऑक्साइडचं जाड वातावरण गोधडीसारखं उष्णता धरून ठेवतं. हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त. १९८२ मध्ये उतरलेलं सोव्हिएत यान 'व्हेनेरा १३' तिथे जेमतेम दोन तास टिकलं, आणि तेही कौतुकाचंच!

आणखी गंमत म्हणजे शुक्र उलटा फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत, सूर्याभोवतीची मात्र २२५ दिवसांतच!

आता माझी सर्वांत आवडती गोष्ट. शुक्रावरच्या जवळजवळ सगळ्या जागांना स्त्रियांची नावं दिली आहेत. त्यात सुमारे ३४ किलोमीटर रुंदीच्या एका विवराला डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आहे. वयाची बाविशीही न गाठता १८८७ मध्ये गेलेल्या आपल्या आनंदीबाई! पंडिता रमाबाईंच्या नावाचंही विवर आहे, 'मेधावी' या त्यांच्या आडनावाचं.

दुर्बीण नसली तरी चालेल. शुक्र नुसत्या डोळ्यांनी छान दिसतो.