शिगा विषाचे उपप्रकार आणि मानवी आतड्यांच्या आजाराची तीव्रता

प्रस्तावना

एशेरिकिया कोलाय हा जीवाणू मनुष्याच्या व प्राण्यांच्या आतड्यांत सामान्यतः निरुपद्रवी स्वरूपात वास्तव्य करतो. त्याचे काही वाण मात्र शिगा विष निर्माण करतात. अशा वाणाचा संसर्ग झाल्यावर एखाद्या रुग्णास केवळ काही दिवस जुलाब होतात, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे निकामी होतात. या फरकामागे विषाच्या उपप्रकारांचा वाटा किती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी

१८९७ साली कियोशी शिगा यांनी जपानमध्ये आमांशाच्या जीवाणूचा शोध लावला; त्यांच्याच नावाने हे विष ओळखले जाते. १९८२ मध्ये अमेरिकेतील ओरेगन व मिशिगन या राज्यांत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे रक्तमिश्रित जुलाबांचे उद्रेक झाले आणि ई. कोलाय ओ१५७:एच७ हा वाण प्रकाशात आला. १९८३ मध्ये कॅनडातील कर्माली व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाचा संबंध हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम या विकाराशी जोडला. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात व मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. लहान मुलांना त्याचा धोका विशेष असतो.

विषाची रचना व कार्य

शिगा विषात एक 'अ' घटक व पाच 'ब' घटक असतात. 'ब' घटक पेशीच्या पृष्ठभागावरील जीबी३ या शर्करायुक्त स्निग्ध रेणूस चिकटतात. पेशीत शिरलेला 'अ' घटक रायबोसोममधील आरएनएचा एक ॲडेनीन घटक काढून टाकतो. परिणामी प्रथिननिर्मिती थांबते व पेशी मरते. मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींवर जीबी३ विपुल असल्याने तेथे हानी अधिक होते.

उपप्रकार आणि तीव्रता

या विषाचे दोन मुख्य प्रकार आहेत. शिगा विष १ हे आमांशाच्या जीवाणूच्या विषाशी जवळजवळ एकरूप आहे. शिगा विष २ मधील अमिनो आम्लांचे त्याच्याशी साम्य सुमारे ५६ टक्केच आहे. दोहोंची क्रियापद्धती एकच असली तरी परिणाम सारखे नाहीत. उंदरांवरील प्रयोगांत शिगा विष २ हे शिगा विष १ पेक्षा सुमारे ४०० पट अधिक प्राणघातक आढळले.

पुढे या प्रकारांचेही उपप्रकार निश्चित झाले. त्यांपैकी २ए हा मूत्रपिंडाच्या विकाराशी सर्वाधिक निगडित आहे. २डी हा आतड्यातील श्लेष्म्याच्या संपर्काने अधिक सक्रिय होऊ शकतो. १सी बहुधा सौम्य आजाराशी संबंधित असतो, तर २ई मुख्यतः डुकरांमध्ये सूज आणणारा विकार निर्माण करतो.

जर्मनीतील उद्रेक

केवळ विषाच्या उपप्रकारावरून तीव्रता ठरते असे मानणे मात्र अपुरे होय. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीच्या सेवनातून ओ१०४:एच४ या वाणाचा उद्रेक झाला. त्यात ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ८०० हून अधिक जणांस हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम झाला व ५४ मृत्यू नोंदले गेले. रुग्णांत प्रौढांची संख्या मोठी होती. या वाणात २ए विषाचे जनुक होते. शिवाय आतड्याच्या अस्तरावर थरांनी चिकटून राहण्याची क्षमता होती. घातक विष व घट्ट चिकटण्याची शक्ती यांचा संयोग येथे विनाशकारी ठरला.

उपचार व निदान

विषाचे जनुक जीवाणूच्या स्वतःच्या वारशातील नसून त्याच्या गुणसूत्रात दडलेल्या जीवाणुभक्षी विषाणूचे असते. काही प्रतिजैविकांमुळे हा विषाणू जागृत होऊन विषनिर्मिती वाढू शकते. म्हणून अशा संसर्गात प्रतिजैविके देण्याबाबत सावधगिरी बाळगली जाते व द्रवसंतुलन राखण्यावर भर दिला जातो. निदानातही अडचण आहे. ओ१५७:एच७ सॉर्बिटॉल लवकर किण्वित करत नाही, म्हणून सॉर्बिटॉलयुक्त माध्यमावर तो ओळखता येतो. ओ१०४:एच४ ते किण्वित करतो, त्यामुळे या चाचणीतून निसटतो.

निष्कर्ष

१) शिगा विष २, विशेषतः २ए, गंभीर आजाराशी अधिक निगडित आहे.
२) विषाचा उपप्रकार, चिकटण्याची क्षमता व रुग्णाचे वय यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे.
३) केवळ वाणाच्या नावावर विसंबून न राहता विष व त्याच्या जनुकांची तपासणी करणे रुग्णहिताचे आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापनातही या मुद्द्यास स्थान मिळावयास हवे.