पी-व्हॅल्यू ०.०३८, फरक दहा दिवसांचा

नवे औषध गुणकारी ठरल्याची बातमी येते, तेव्हा तिच्यामागे बहुधा पी-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. औषधाचा काहीच उपयोग नसता, तरी दोन गटांत एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. ही शक्यता ०.०५ हून, म्हणजे विसात एकाहून कमी निघाली की निष्कर्ष 'संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय' मानला जातो. ही मर्यादा रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली होती. फायदा किती मोठा, हे ती सांगत नाही आणि बातमीतही नेमके तेच गळते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील एर्लोटिनिब या गोळीचे उदाहरण बोलके आहे. ५६९ रुग्णांना जेमसिटाबिन हे तेव्हाचे नेहमीचे औषध दिले गेले. त्यांतल्या निम्म्यांना जोडीला एर्लोटिनिब, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पी-व्हॅल्यू होती ०.०३८. मध्यक आयुर्मान मात्र ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिन्यांवर गेले होते: सुमारे दहा दिवस. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १७ वरून २३ टक्के झाले, हेही नोंदवायला हवे. तसेच अंगावरचे पुरळ आणि जुलाब वाढले, हेही. अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्येच या वापराला मान्यता दिली होती. त्या दहा दिवसांचे मोल रुग्णाने आणि घरच्यांनी ठरवायचे. पण त्यासाठी तो आकडा आधी त्यांच्यासमोर ठेवला पाहिजे.

दुसरा धोका पोटगटांचा. हृदयविकाराच्या झटक्यावरील 'आयसिस-२' चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. १९८८ च्या तिच्या अहवालात संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची पाश्चात्त्य सूर्यराशींनुसार वाटणी करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक, इतरांना अत्यंत लाभदायक असे उत्तर आले! परिणाम मुळीच नसताना वीस स्वतंत्र तुलना केल्या, तरी निदान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते.

केवळ ठरावीक मर्यादा ओलांडली म्हणून निर्णय घेऊ नयेत, असे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये स्पष्ट बजावले. वाचकाने मागायचा तो प्रत्यक्ष फरक. 'आयसिस-२' मध्ये अ‍ॅस्पिरिनमुळे पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू हजारी सुमारे ११८ वरून ९४ वर आले.